वंदना कटारिया, त्या बंद फोनबद्दल आभार

प्रिय वंदना,

वयाने मी तुझ्याहून मोठी आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. 1 एप्रिल 2025 ला तू आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती जाहीर केलीस. 2009 पासून खेळत होतीस. 320 सामने, 158 गोल. तोवर भारताकडून एवढे सामने खेळलेली दुसरी महिला हॉकीपटू नव्हती. आणि आमच्याकडे येणाऱ्या पेपरात दुसऱ्या दिवशी ही बातमी कुठे होती? आयपीएलच्या पानभर मजकुराखाली, कोपऱ्यात, फोटोसुद्धा नाही. मी ती कापून ठेवली. तो राग अजून उतरलेला नाही. पण हे पत्र रागाचं नाही, आभाराचं आहे.

आम्ही फलटण तालुक्यातले. हा उसाचा पट्टा. इकडे पोरीच्या हातात हॉकीची स्टिक दिसली की लोक वळून वळून बघायचे. आता तसं राहिलं नाही. आमच्याच तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारतीय संघात गेली, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तुझ्याबरोबर खेळून ब्राँझ घेऊन आली, तेव्हापासून तर मैदानावर मुलींची गर्दी वाढलीय. माझी लेक त्याच्याही आधीपासून खेळते. फॉरवर्ड आहे. तिच्यावर तुझे फार उपकार आहेत, आणि तिच्यामुळे माझ्यावरही. तुला ते माहीत असण्याचं काही कारण नाही, म्हणून सांगते.

पण आधी हॉकीचं बोलू दे. तुझ्याबद्दल लिहितात ते हॉकी सोडून बाकीचंच जास्त लिहितात.

तुझे कितीतरी गोल टीव्हीवर पहिल्यांदा बघताना कळतच नाहीत. पेनल्टी कॉर्नर मिळतो, चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी थांबवला जातो, तुझी संघातली जोडीदार गुरजीत ड्रॅग फ्लिक मारते, म्हणजे स्टिकने चेंडू ओढून गोलकडे भिरकावते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चेंडू जाळ्यात. कॉमेंट्रीवाला गुरजीतचं नाव घेतो. मग रिप्ले लागतो. त्यात दिसतं की वाटेत एक स्टिक आली होती. जमिनीला टेकलेली, जराशी वळवलेली. तिने चेंडू मारला नाही, अडवलाही नाही, नुसती त्याची दिशा बदलली. गोलकीपर एका अंगाला झेपावलेली आणि चेंडू दुसऱ्या अंगाने आत. ती स्टिक तुझी असते.

हे काम किती अवघड आहे ते मला माझ्या लेकीमुळे कळलं. समोरून चेंडू सुसाट येतोय, बाजूने बचावाच्या मुली अंगावर धावून येतायत, आणि तू गोलपोस्टपाशी गुडघ्यात वाकून, मान खाली घालून, स्टिक खाली धरून उभी. घाबरून स्टिक वीतभर जरी वर गेली तरी चेंडू खालून निघून जाणार. चुकलं तर गुडघा फुटणार, नाहीतर दात पडणार. जमलं तर टाळ्या फ्लिक मारणारीला. हे काम तू सोळा वर्षं केलंस.

टोकियो ऑलिंपिकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तुझा तिसरा गोल असाच होता. तो सामना मी कितीदा पाहिला असेन, पण त्या गोलाशी आलं की अजून हातातलं काम थांबतं. त्या आधीची परिस्थिती आठव. नेदरलँड्सकडून 1-5, जर्मनीकडून 0-2, ग्रेट ब्रिटनकडून 1-4. ओळीने तीन पराभव. 'ह्या पोरींना कशाला पाठवतात' असं म्हणणारे आमच्या गल्लीतही होते. रिओचे दाखले निघाले. 2016 ला छत्तीस वर्षांनी आपला महिला संघ ऑलिंपिकला गेला होता आणि एका गुणावर सगळ्यांत शेवटी राहिला होता, हे तेव्हा अचानक सगळ्यांना पाठ झालं. हॉकीचे नियम विचारले असते तर एकालाही सांगता आले नसते.

मग आयर्लंडविरुद्ध नवनीतने अगदी शेवटी शेवटी गोल केला आणि आपण 1-0 जिंकलो. लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिण आफ्रिका. चौथ्या मिनिटाला तुझा गोल. त्यांची बरोबरी. सतराव्या मिनिटाला परत तुझा. परत बरोबरी. नेहा गोयलचा तिसरा, आणि तोही त्यांनी फेडला. 3-3. मग 49 व्या मिनिटाला गुरजीतची फ्लिक आणि वाटेत तुझी ती स्टिक. 4-3. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. संध्याकाळी ग्रेट ब्रिटनने आयर्लंडला हरवलं आणि आपण उपांत्यपूर्व फेरीत गेलो. पुढे ऑस्ट्रेलियाला हरवलं ते सगळ्या देशाला आठवतं. त्या सामन्यापर्यंत आपण तुझ्या तीन गोलांवर पोचलो होतो, हे मात्र माझ्या माहितीतल्या फार थोड्यांना आठवतं.

आणि हे सगळं तू वडील गेल्यानंतर दोन महिन्यांनी केलंस. मे महिन्यात ते गेले तेव्हा तू बंगळुरूला शिबिरात होतीस, कोरोनाचे दिवस होते, तुला अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. मुलीने हॉकी खेळू नये असं आजूबाजूचे म्हणत असताना ते तुझ्या मागे उभे राहिले होते. ह्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. माझेही वडील त्याच लाटेत गेले आणि मीही लांबच होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

4 ऑगस्टला आपण उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून 1-2 हरलो. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबादला तुमच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, आणि तुमच्या जातीवरून बोलले. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असं त्यांचं म्हणणं. जे शब्द त्यांनी वापरले ते मी इथे लिहिणार नाही आणि त्या माणसांची नावंही ह्या पत्रात येणार नाहीत. तक्रार झाली, अटक झाली, ते सगळं तेव्हा छापून आलं. देश हरला म्हणून आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांना हॉकीशी देणंघेणं नव्हतं, देशाशीही नव्हतं. एक मुलगी आपल्या डोळ्यांदेखत मोठी झाली, एवढंच त्यांना सहन होत नव्हतं.

6 तारखेला ग्रेट ब्रिटनविरुद्ध ब्राँझचा सामना. आपण 0-2 असे मागे. गुरजीतने लागोपाठ दोन मिनिटांत दोन गोल केले. आणि 29 व्या मिनिटाला तू. 3-2. ज्या मुलीच्या घरासमोर दोन दिवसांपूर्वी फटाके वाजले होते, तिने भारताला पदकाच्या सामन्यात पुढे नेलं होतं. माझ्या डोळ्यांना तेव्हा लागलेली धार हाफटाइम संपून खेळ पुन्हा सुरू झाला तरी थांबली नव्हती. शेवटी आपण 3-4 हरलो. तुम्ही सगळ्या मैदानावरच रडत होतात आणि ग्रेट ब्रिटनच्या मुली आपला आनंद बाजूला ठेवून तुमची समजूत घालत होत्या. त्यांचेही आभार.

मग पत्रकारांनी तुला त्या प्रकाराबद्दल विचारलं. इतकी मोठी हार पचवून पाच मिनिटंही झाली नसतील. तू आवाज चढवला नाहीस. थोडंफार कानावर आलंय, असं व्हायला नको, आम्ही देशासाठी खेळतो, आपण सगळ्यांनी एक असायला हवं, इतकंच सांगितलंस. घरच्यांशी बोललीस का म्हणून विचारलं तर म्हणालीस की कुणाशीच बोलणं झालेलं नाही, फोन बंद आहे.

वंदना, तुझ्या हॅटट्रिकपेक्षाही, पदकांपेक्षाही, मला हा बंद फोन मोठा वाटतो. तू तो सामन्यासाठी बंद ठेवलास की आणखी कशासाठी, ते तुझं तुला माहीत. मला दिसलं ते एवढं की बाहेर सगळा देश तुझ्या घराबद्दल बोलत होता, आणि तू ते सगळं दाराबाहेर ठेवून मैदानावर गेलीस आणि तुझं काम केलंस. ज्यांना तुला खाली खेचायचं होतं त्यांच्यासाठी तुझ्याकडे वेळ नव्हता. आधी सामना. घरच्यांशी बोलणं, रडणं, भांडणं, जे काय असेल ते नंतर.

त्या वेळी माझी लेक सातवीत होती. तिने माझ्या शेजारी बसून ते ऐकलं आणि तेव्हा काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यावर यादी आली, अभिनंदनाचे अंगठे आले, फुलं आली. आणि मग एका पालकाने लिहिलं, 'काही जणांना कोट्यातून घेतलं असेल.' खाली दोन-तीन हसरे चेहरे. आमचं आडनाव असं आहे की ते एकदा सांगितलं की समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. कुणाबद्दल लिहिलंय ते सगळ्यांना कळलं. लेकीने माझ्या फोनवर ते वाचलं आणि मला विचारलं, "आई, हॉकीत पण कोटा असतो का?"

नसतो, असं मी सांगितलं. पण ज्यांनी त्याच ग्रुपवर ते सांगायला हवं होतं, ज्यांनी स्वतः बसून चाचणी घेतली होती आणि निवड केली होती, ते गप्प राहिले. मी फोन केला तर 'दुर्लक्ष करा, ताई, मुलीच्या खेळावर परिणाम होईल' असा सल्ला मिळाला. बोलला एक, आणि दुर्लक्ष मात्र आम्ही करायचं. त्या ग्रुपवर शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांतली, एरवी महापुरुषांच्या जयंतीला न चुकता संदेश पाठवणारी माणसं होती. त्यांच्यातलं एक जण जरी 'हे चूक आहे' असं लिहितं, तरी मला पुरलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याच्यापेक्षा ह्या गप्प बसलेल्यांचं मला जास्त लागलं, आणि अजून लागतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी, शिन गार्ड बांधून झाल्यावर, लेकीने स्वतःचा फोन बंद केला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "मॅच झाल्यावर दे. वंदनादीदीचा पण बंद होता."

म्हणजे वर्षभर तिने ते मनात ठेवलं होतं. मी तिला हे शिकवलं नव्हतं. मला शिकवता आलंही नसतं, कारण तोवर मी स्वतः तो मेसेज दहा वेळा उघडून वाचत होते आणि त्याला काय उत्तर द्यावं ते मनात जुळवत होते. तिला त्या दिवशी गोल करता आला नाही. पण चारही क्वार्टर ती खेळली, प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला पोस्टपाशी जाऊन वाकून उभी राहिली, आणि तिची स्टिक एकदाही जमिनीवरून उचलली गेली नाही. मी नुसती त्या स्टिककडेच बघत होते. आता प्रत्येक सामन्याला तिचा फोन असा बंद होऊन माझ्याकडे येतो. ज्या वयात माझं लेकरू त्या एका ओळीने खेळ सोडून घरी बसलं असतं, त्या वयात तू तिला वाचवलंस. ह्याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही.

खेळात कुणी जात बघत नाही असं आमच्याकडे फार छातीठोकपणे सांगतात. त्यांना मी दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची आठवण देते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ह्याच महाराष्ट्रात, पुण्यात, ते हिंदू संघाकडून गोलंदाजी करायचे. चेंडू त्यांचा चालायचा, विकेटा चालायच्या. चहा मात्र तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 100 हून जास्त बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळायला त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना 1923 उजाडावं लागलं. जुनी गोष्ट म्हणून ती सोडून दिली असती. पण तुमच्या घरासमोरचे फटाके 2021 चे आहेत आणि आमच्या ग्रुपवरचा मेसेज 2022 चा.

आणि तरी मला ह्या सगळ्यात चांगली माणसं दिसतात, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. तुझी कर्णधार राणी रामपाल परत आल्यावर उघडपणे बोलली. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आम्ही वेगवेगळ्या धर्मांच्या, जातींच्या मुली तिरंग्यासाठी एकत्र खेळतो, असं तिने सांगितलं. ती तुझ्या बाजूने बोलली हे माझ्या लेकीने पाहिलं. आमच्याकडे संध्याकाळच्या गाडीवर एक एसटी कंडक्टर आहेत. सराव लांबला तर मुली धावत येताना दिसेपर्यंत ते घंटी देत नाहीत. कुणी कुरकुर केलीच तर म्हणतात, "पोरी मैदानावरनं येतायत." कुणाच्या, आडनाव काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. उशिरा आलेल्या मुलींच्या स्टिका ते स्वतः घेऊन वरच्या फळीवर ठेवतात. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत. पण त्यांच्यामुळेच खेड्यातली पोरगी रोज मैदानावर जाऊन सुखरूप घरी येते. आडवं जाणाऱ्यांची बातमी होते, आणि हे लोक आपलं काम करत राहतात. तुला, राणीला आणि त्या कंडक्टरभाऊंना मी एकाच रांगेत बसवते, आणि ती रांग माझ्या मते फार मोठ्या लोकांची आहे.

तुझा गौरव झालाच नाही असं मी म्हणत नाही. अर्जुन मिळाला, पद्मश्री मिळाली. पण माणसांच्या तोंडी तुझं नाव हवं होतं तेवढं बसलं नाही. कसं बसणार? ज्यांना क्रिकेट संघातल्या राखीव खेळाडूंचीही नावं येतात त्यांना 2013 च्या ज्युनिअर विश्वचषकातलं ब्राँझ आठवत नाही. त्या पदकाच्या संघात सगळ्यांत जास्त गोल तुझे होते. 2017 चा आशिया चषक, 2022 चं राष्ट्रकुल ब्राँझ, 2023 ला रांचीत जिंकलेला आशियाई चॅम्पियन्स करंडक, जिथे तू 300 सामने पूर्ण केलेस. भारताच्या महिला हॉकीत त्याआधी कुणी तिथवर पोचलं नव्हतं. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी त्याच रांचीत पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा होती आणि नेमकं गालाचं हाड मोडून तू बाहेर. जपानकडून 0-1 हरलो आणि पॅरिस गेलं. त्या दिवशी पेनल्टी कॉर्नर वाया जाताना माझी लेक टीव्हीसमोर सारखं एकच म्हणत होती, "पोस्टला दीदी हवी होती." माझंही तेच मत आहे आणि ते कुणी बदलू शकणार नाही.

निवृत्त होताना तू सांगितलंस की खेळायची आग विझली म्हणून थांबत नाहीये. ते वाचून बरं वाटलं. थकवून, कंटाळवून, कुणी तुला बाहेर काढलं नाही. तुझ्या मर्जीने आलीस तशी तुझ्या मर्जीने निघालीस.

एक विनंती आहे. कधी पुण्याला आलीस तर फलटण तिथून फार लांब नाही. आमच्या मुलींचं मैदान मातीचं आहे, टर्फ नाही, चेंडू उसळतो, त्याची तयारी ठेव. इथे फ्लिक मारायला शिकवणारे बरेच आहेत. पोस्टपाशी उभं कसं राहायचं, भीती वाटत असताना स्टिक खाली कशी ठेवायची, हे दाखवणारं कुणी नाही. एक तास दिलास तरी पुष्कळ होईल. राहायला आमचं घर आहे, आणि भाकरीबरोबर काय आवडतं ते आधी कळव.

तुझी,
पोस्टपाशी वाकून उभ्या राहणाऱ्या एका मुलीची आई
फलटण, जि. सातारा